सेफ्टी शूजचा एचएस कोड: सगळे ६४०३.४० मध्येच जातात ना?

बूटखटपट:

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, सेफ्टी शूज शिवतो. आजवर माल गेला तो भुसावळ, वरणगाव, दीपनगरच्या ठेकेदारांना, थोडा धुळ्यात अवधानला आणि सीझनमध्ये जिनिंगवाल्यांना. आता पहिल्यांदाच बाहेरची ऑर्डर आली आहे, जर्मनीचा एक आयातदार. तीन डिझाइन आहेत.

१) नेहमीचा काळा बूट. बफ बार्टन लेदर (म्हशीचं चामडं), घोट्याच्या वर, स्टीलची टो-कॅप (बोटांवरची टोपी), डीआयपी (थेट साच्यात ओतलेला) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन प्लॅस्टिकचा सोल.

२) स्पोर्ट शूजसारखा दिसणारा. विणलेलं कापड, पुढे आणि टाचेला चामड्याचे तुकडे, आत कंपोझिट टो-कॅप.

३) पांढरा, खाद्यपदार्थांच्या कारखान्यासाठी. मायक्रोफायबर अपर (बुटाचा वरचा भाग), घोट्याखाली, स्टीलची टो-कॅप.

मी प्रोफॉर्मात (कच्च्या इनव्हॉइसमध्ये) तिघांनाही एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाचा प्रकार सांगणारा आकडा, ६४०३४००० टाकून मोकळा झालो. सेफ्टी शूज म्हणून नेटवर शोधलं की तोच कोड येतो. पार्टीच्या एजंटाची मेल आली की तीनपैकी एकच बरोबर वाटतोय, परत बघा. तिन्ही बुटांना आयएसओ २०३४५ चे (सेफ्टी बुटांच्या मानकाचे) रिपोर्ट आहेत, तिन्ही सेफ्टीच आहेत. मग कोड वेगळा का?

मेहरूणचं_बोर:

पायमा घालानं बूट, त्याले इतला कोड काबर रे भो?

सीए_धुळे:

बूटखटपट, पीओवर (खरेदी ऑर्डरवर) पार्टीने जो कोड लिहिलाय तोच आपल्या इनव्हॉइसवर घ्या, वाद नको. माल एलयूटीवर (कर न भरता निर्यात करण्याच्या हमीपत्रावर) जाणार असेल तर जीएसटी तसाही लागत नाही. देशातल्या विक्रीत मात्र लक्ष ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के आणि त्यावर १८ झालाय. माझ्याकडचे दोघं दुकानदार अजून जुन्या १००० च्या मर्यादेनेच बिलं फाडत होते.

रावेरकर:

ताई, जीएसटीचं बरोबर आहे. पण पार्टी सांगेल तोच कोड, याला माझा विरोध. शिपिंग बिलावर (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदावर) सही आपली असते. उद्या ड्रॉबॅक आणि रोडटेपची (निर्यातदाराला सरकार परत देतं ती करांची) रक्कम त्या कोडवर आली आणि कोड चुकीचा निघाला, तर नोटीस जळगावला येईल, जर्मनीला नाही.

मी वीस वर्षं न्हावाशेवाला सीएचएकडे (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाकडे) काम केलं, आता गावी केळी बघतो. बूटखटपट भाऊ, तुमच्या एजंटाचं म्हणणं खरं आहे. तीन बूट म्हणजे तीन वेगळी हेडिंग (कोडचे पहिले चार आकडे) आहेत. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

चॅप्टर ६४ ला, म्हणजे टॅरिफमधल्या (कस्टम्सच्या दरपत्रकातल्या) पादत्राणांच्या प्रकरणाला, बूट कशापासून वाचवतो याच्याशी जवळपास काही घेणंदेणं नाही. तो आधी दोनच गोष्टी विचारतो, अपर कशाचं आणि सोल कशाचा. सोल आणि अपर दोन्ही रबर किंवा प्लॅस्टिक, जलरोधक, आणि दोन्हींची जोडणी शिवण-रिव्हेट-खिळ्यांशिवाय असेल तर ६४०१. म्हणजे आपले शेतातले गमबूट. तेच साहित्य पण जलरोधक नाही किंवा शिवलेलं आहे, तर ६४०२. अपर चामड्याचं असेल तर ६४०३, कापडाचं असेल तर ६४०४. या दोन्हींत सोल रबराचा, प्लॅस्टिकचा किंवा चामड्याचा धरलाय. यात कुठेच न बसणारा बूट ६४०५ मध्ये आणि सुटे भाग ६४०६ मध्ये.

टो-कॅपचा प्रश्न हेडिंग ठरल्यानंतर येतो. सहा आकडी पातळीवर ती आज दोनच ठिकाणी आहे, ६४०१.१० आणि ६४०३.४०. आणि दोन्हीकडे शब्द आहे 'धातूची संरक्षक टो-कॅप'. धातूची. स्टील चालेल, अॅल्युमिनियम चालेल, फायबर किंवा कंपोझिट चालणार नाही, मग ती २०० ज्यूल झेलणारी का असेना.

६४०२ मध्येही पूर्वी धातूच्या टो-कॅपची वेगळी ओळ होती, ६४०२.३०. एचएसच्या २००७ च्या आवृत्तीत ती काढली. जुनी पुस्तकं, जुन्या कंपन्यांचे कॅटलॉग आणि इंटरनेटवरची निम्मी पानं अजून तोच कोड सांगतात, जपून. ६४०४ मध्ये अशी ओळच नाही. तिथे स्टील घाला नाहीतर सोनं घाला, जळगावचं असलं तरी, बूट ६४०४.१९ लाच जाणार.

आता तुमचे बूट. पहिला ६४०३.४०, प्रश्नच नाही. दुसऱ्याचं अपर मोजावं लागेल. तिसऱ्याला मायक्रोफायबर म्हणजे नेमकं काय ते सांगा.

दीपनगर_शिफ्ट:

मी रोज बारा तास हे बूट घालतो, म्हणून एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडे 'सेफ्टी' आणि 'प्रोटेक्टिव्ह' यांत फरक आहे. आयएसओ २०३४५ म्हणजे सेफ्टी, टो-कॅप २०० ज्यूलची. वीस किलोचा ठोकळा साधारण मीटरभर उंचीवरून पुढच्या टोकावर पडला तरी बोटं शाबूत राहिली पाहिजेत. २०३४६ म्हणजे प्रोटेक्टिव्ह, १०० ज्यूल. २०३४७ म्हणजे ऑक्युपेशनल, त्यात टो-कॅपची सक्तीच नाही. भारतीय मानकांत हेच आयएस १५२९८ चे भाग २, ३ आणि ४.

मग कस्टम्सवाले १०० ज्यूलच्या स्टीलवाल्या बुटालाही 'संरक्षक' धरतात का?

रावेरकर:

धरतात. टॅरिफमध्ये ज्यूलचा आकडाच नाही. बोटांवर घातलेली संरक्षक टोपी धातूची आहे एवढं पुरे. उलट तळव्यातली खिळारोधक स्टील प्लेट कितीही जाड असो, ती टो-कॅप नव्हे. बुटावर एस१पी (खिळारोधक तळव्याच्या सेफ्टी बुटाची खूण) लिहिलंय म्हणून ६४०३.४० असं होत नाही, टो-कॅप कशाची ते विचारायचं.

आणि गंमत बघा. 'संरक्षक' हा शब्द अमेरिकेच्या टॅरिफमध्ये आणखी तिसऱ्याच अर्थाने येतो. तिथे पाणी, तेल, ग्रीस, रसायनं, थंडी किंवा खराब हवा यांपासून वाचवण्यासाठी, दुसऱ्या बुटावरून किंवा त्याऐवजी घालायचा बूट वेगळा काढलाय आणि त्याला दर चढा आहे. धातूच्या टो-कॅपच्या गमबुटाला, ६४०१.१० ला, अमेरिकेचा मूळ दरच ३७.५ टक्के. म्हणून ब्रोशरमध्ये उगाच 'तेल-पाणी-थंडी, सगळ्यांपासून संरक्षण' असं छापणाऱ्या एका निर्यातदाराला मी एकदा हात जोडून थांबवलं होतं. त्याला वाटलं मी मार्केटिंगच्या आड येतोय.

कापूसकोंड्या:

अमेरिकेच्या टॅरिफवरून आठवलं. रबरी सोलच्या बुटाच्या तळाला कापडाचा पातळ केसाळ थर चिकटवून पाठवायचे. जमिनीला टेकणारा जास्त भाग कापडाचा, म्हणजे सोल कापडाचा, म्हणजे दर कमी! चार दिवस चाललं की थर गायब. पुढे टॅरिफमध्ये टीप घालून ती वाट बंद केली. धंदा शिकायचा असेल तर या मंडळींकडून शिका.

मी शिरपूरला कापडाच्या लाइनमध्ये आहे. दुसऱ्या बुटाचं विणलेलं कापड पीयू कोटेड आहे का ते आधी बघा. कापडावर रबर किंवा प्लॅस्टिकचा थर डोळ्याला दिसत असेल, तर चॅप्टर ६४ साठी ते कापड उरतच नाही, प्लॅस्टिक होतं. नोट ३ वाचा.

बूटखटपट:

कोटिंग नाही, साधं पॉलिस्टर निट आहे, बोट लावलं की जाळी लागते.

मायक्रोफायबरबद्दल सप्लायरला विचारलं. नॉनवोव्हनवर (न विणता केलेल्या कापडावर) पीयू आहे. वरून अगदी चामड्यासारखं दिसतं, दाणासुद्धा छापलेला आहे. खरं सांगू? मी त्याला लेदरच म्हणत आलो. बाजारातही 'मायक्रो लेदर' म्हणूनच विकतात.

रावेरकर:

बाजार काहीही म्हणो. वर पीयूचा थर दिसतोय म्हणजे अपर प्लॅस्टिकचं, हेडिंग ६४०२. घोट्याखालचा आहे म्हणजे ६४०२.९९. सहा आकड्यांत स्टीलची दखल नाही, पण युरोपने आपल्या आठ आकड्यांत ती ठेवली आहे. घोट्याखालच्या बुटाला ६४०२९९०५, घोट्यावरच्याला ६४०२९११०. तुमच्या एजंटाला हे माहीत असणारच.

आपले पहिले सहा आकडे आणि त्यांचे पहिले सहा आकडे सारखेच असायला हवेत, पुढचे ज्याचे त्याचे. आपण आठ लावतो, युरोपही आठ लावतो, पण आपले आठ त्यांच्या इनव्हॉइसवर छापून उपयोग नाही.

एक सावधगिरी पहिल्या बुटाबद्दलही. बफ बार्टन ठीक आहे. पण स्प्लिटवर (चामड्याच्या खालच्या थरावर) पीयूचा जाड पापुद्रा चिकटवलेला माल आला तर विचारा किती जाड. आधीच तयार केलेला प्लॅस्टिकचा पत्रा चामड्यावर चिकटवला असेल आणि तो ०.१५ मिमीपेक्षा जाड पण एकूण जाडीच्या निम्म्याहून कमी असेल, तर ते अजून चामडंच, ४११४ या हेडिंगचं. निम्मा किंवा त्याहून जास्त झाला की प्लॅस्टिक. आग्रा-कानपूरकडून स्वस्त स्प्लिट मागवताना व्यापारी हे आपणहून सांगत नाही.

सीए_धुळे:

मान्य, मी आधी घाईत लिहिलं. पण मला व्यवहाराचं सांगा, फरक किती पडतो? सगळं प्लॅस्टिक धरलं काय, चामडं धरलं काय, शेवटी ड्युटी भरणार जर्मनीवाला.

रावेरकर:

ताई, फरक दुप्पट आहे. युरोपचा सर्वसाधारण दर ६४०३.४० ला ८ टक्के. ६४०१, ६४०२, ६४०४ ला १७ च्या आसपास. १०,००० युरोच्या मालावर एकीकडे ८०० आणि दुसरीकडे १७०० युरो. सवलतीच्या कराराचा हिशोब त्यानंतरचा, आणि तोसुद्धा कोडवरूनच सुरू होतो.

भरतो तोच, हे खरं. पण त्याने ८ धरून भाव पाडून घेतला आणि तिकडच्या कस्टम्सने १७ लावले, की पहिली डेबिट नोट कुणाला येते? माझ्या डोळ्यादेखत एका पार्टीचे दोन कंटेनर अशा वादात अडकले होते. तेव्हा डेमरेजने (बंदरात माल पडून राहिल्याच्या आकाराने) बूट फुकट वाटल्यासारखे झाले.

दीपनगर_शिफ्ट:

कंपोझिटवाल्यांच्या बाजूने थोडं बोलतो. इलेक्ट्रिकलवाले तेच मागतात, वजन कमी, उन्हात स्टीलसारखं तापत नाही, गेटवरच्या मेटल डिटेक्टरला ओरडत नाही. मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंशांच्या वर पारा जातो तेव्हा स्टील टो म्हणजे बोटांना खापरावरची पुरणपोळी झाल्यासारखं वाटतं. मानकात दोन्ही चालतात, आणि कस्टम्समध्ये चांगल्या बुटाला वेगळी ओळच नाही, हे अजब.

रावेरकर:

अजब खरंच. एचएस १९८८ पासून लागू आहे, तेव्हा टो-कॅप म्हटलं की स्टीलच डोळ्यासमोर येणार. २०२२ ची आवृत्ती आली तरी शब्द तोच. तोवर चामड्याचा कंपोझिट टो बूट ६४०३.९१ किंवा ९९ मध्ये, घोटा झाकतो की नाही त्यावर.

आता दुसऱ्या बुटाकडे. नोट ४ म्हणते, अपरचं साहित्य म्हणजे ज्याचं बाहेरचं क्षेत्रफळ सगळ्यात जास्त. घोट्यावरचे पॅच, कडेची पट्टी, बकल, लेसच्या भोकांची पट्टी असल्या जोड आणि बळकटीच्या गोष्टी मोजायच्या नाहीत. भांडण इथेच होतं. तुमच्या टोकाचा आणि टाचेचा चामड्याचा तुकडा अपर आहे की नुसती बळकटी? युरोपची जादा टीप छान आहे: वरचा तुकडा काढून बघा. खाली जे उघडं पडतं ते अपर म्हणून टिकण्यासारखं असेल तर तुकडा बळकटीचा, मोजू नका, खालचं कापड मोजा. खाली नुसतं अस्तर असेल तर तुकडा हाच अपर, तो मोजा.

एक बूट फाडा. फोटोवरून कोड सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

मेहरूणचं_बोर:

क्षेत्रफळ कसं मोजणार? बूट काही शेत नाही, तलाठी येणार नाही.

कापूसकोंड्या:

सोपं आहे. उघडा भाग जाड कागदावर ट्रेस करा, कापा, कागद तोला. कागद सगळा एकाच रिमचा हवा. वजनाचं प्रमाण तेच क्षेत्रफळाचं. आमच्याकडे कापडाच्या तुकड्यांना हेच करतात. फक्त काटा मिलिग्रॅमवाला हवा, किराण्याचा नको.

बूटखटपट:

केलं! तीन दिवसांनी लिहितोय. कारागिराने नवाकोरा बूट फाडायला नकार दिला, म्हणे शिवलेला हात फाडत नाही. मग मीच फाडला.

काटा सराफाचा वापरला, घराजवळच ओळखीचं दुकान आहे. चार्ट पेपरचे तुकडे दिले तर म्हणाला, हे काय गहाण ठेवायला आणलं का.

पहिल्यांदा जे दिसतं ते तोललं. निटचे तुकडे ८.९४ ग्रॅम, चामड्याचे ५.६१. मग टाचेचा चामड्याचा तुकडा उचकटला तर खाली निट पूर्ण सलग निघालं, टाचेच्या काठापर्यंत. म्हणजे तो बळकटीचा. पुढच्या टोकाखाली मात्र निट नाही, पांढरं नॉनवोव्हन अस्तर आहे आणि त्याच्या आत टो-कॅप. तो तुकडा अपर. टाचेचे १.३० ग्रॅम चामड्यातून काढून निटकडे टाकले. हिशोब निट १०.२४, चामडं ४.३१. सत्तर-तीस.

आते ध्यानमा उनं. म्हणजे दुसरा ६४०४.१९. स्टील असतं तरी ६४०४.१९. बरोबर?

रावेरकर:

बरोबर. आणि एक काम केलंत ते फार मोलाचं, ते कागदाचे तुकडे फेकू नका. त्यावर तारीख, डिझाइन नंबर, वजन लिहा, फाडलेल्या बुटाबरोबर पिशवीत ठेवा. सराफाच्या काट्याची नुसती चिठ्ठी चालेल, पावती मागू नका, तो खरंच गहाण धरेल.

नॉनवोव्हनबद्दल तिकडच्या कस्टम्सने वेगळं मत दिलं तरी आकडा कापडाकडेच झुकतो, त्यामुळे निर्धास्त राहा.

सीए_धुळे:

बूट फाडून हिशोब करणारा क्लायंट मला पहिल्यांदाच दिसला. पुढच्या वेळी शंका असेल तर आधीच निर्णय घेता येतो ना? आपल्याकडे अॅडव्हान्स रूलिंगची सोय आहे, मुंबई आणि दिल्लीला प्राधिकरण आहे.

रावेरकर:

हो, पण ते आपल्या कस्टम्सचं झालं. ड्युटी लागते तिकडे. म्हणून आयातदाराला सांगा त्यांच्याकडे बंधनकारक वर्गीकरण निर्णय मागायला, बीटीआय म्हणतात. तो तीन वर्षं चालतो आणि युरोपच्या सगळ्या सदस्य देशांत लागू होतो. दिलेले निर्णय खुल्या डेटाबेसमध्ये असतात, अमेरिकेचेही असतात. तुमच्यासारखाच बूट शोधून बघा, शब्द कसे वापरतात ते कळतं. मी नवीन पोरांना आधी तेच वाचायला लावायचो. टॅरिफ नंतर.

आणि सीई मार्किंगचं (युरोपच्या सुरक्षा खुणेचं) वेगळं चालू ठेवा. युरोपच्या पीपीई (वैयक्तिक संरक्षक साधनं) नियम २०१६/४२५ खाली सेफ्टी बूट दुसऱ्या वर्गात येतात, टाइप तपासणी लागते. ते कागद कस्टम्सचा कोड ठरवत नाहीत, पण ते नसले तर कोड बरोबर असूनही माल थांबेल. आपल्याकडच्या बीआयएसच्या सक्तीतून निर्यातीचा माल सुटतो, तो गोंधळ त्यात आणू नका.

बूटखटपट:

इनव्हॉइसचं वर्णन असं केलंय, बघा:

१) पुरुषांचे बूट, घोटा झाकणारे, अपर चामडे, सोल पीयू, स्टील टो-कॅपसह — ६४०३४०
२) पुरुषांचे बूट, घोट्याखाली, अपर कापड (निट पॉलिस्टर) आणि अंशतः चामडे, सोल पीयू, कंपोझिट टो-कॅपसह — ६४०४१९
३) पुरुषांचे बूट, घोट्याखाली, अपर पीयू लेपित नॉनवोव्हन, सोल पीयू, स्टील टो-कॅपसह — ६४०२९९

'सेफ्टी शूज' हा शब्द शेवटी कंसात ठेवला. पार्टीच्या एजंटाने तासाभरात ओके पाठवलं. भाव मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्याचा पुन्हा काढावा लागणार, त्याने आधी ८ टक्के धरून मागितला होता.

दीपनगर_शिफ्ट:

तिसऱ्याला मायक्रो लेदर लिहिलं नाहीस, बरं केलंस. दुसऱ्या डिझाइनचा ९ नंबर फाडलेल्या जोडातला दुसरा बूट असेल ना पडलेला? डावा की उजवा?

बूटखटपट:

डावा फाडला, उजवा टेबलावर आहे. एकाच पायाची शिफ्ट असेल तर घेऊन जा.

कापूसकोंड्या:

गमबुटाचं एक राहिलं. माझ्या मेव्हण्याला केळीच्या पाण्यात घालायचे, स्टील टो-कॅपचे पीव्हीसी गमबूट ओमानला पाठवायचेत, वर कॉलरला नायलॉनची शिवलेली पट्टी आहे. ६४०१.१० की ६४०२?

रावेरकर:

पट्टी कुठे शिवली आहे ते बघायला लागेल. अपर आणि सोल एकत्र ओतलेला असेल, जलरोधक भागाला शिवण नसेल आणि पट्टी फक्त वरच्या काठाला असेल, तर ६४०१.१०. जोड आणून दाखव. रविवारी सावद्याच्या बाजारात असतो मी, दहानंतर.